वजनाचा शेवटचा आकडा

माझ्या वडिलांची जन्मतारीख १ जून आहे. आईचीही १ जून. मोठे काका, आत्या, शेजारचे दोन आजोबा, सगळे १ जूनचे. शाळेत नाव घालायला नेलं, तारीख कुणाला आठवेना, मास्तरांनी जून महिन्याची पहिली तारीख ठोकून दिली. १ जूनला फेसबुक उघडलं की अर्ध्या महाराष्ट्राला शुभेच्छा देत बसावं लागतं.

ही गोष्ट मला नोकरीच्या मुलाखतीत उपयोगी पडली. महाप्याच्या त्या ऑफिसात समोरच्या बाईंनी विचारलं होतं, "डेटामध्ये खूप लोकांची जन्मतारीख एकच निघाली तर तू काय करशील?" माझ्याआधीच्या मुलाने डुप्लिकेट रेकॉर्ड कसे शोधायचे ते सांगितलं होतं म्हणे. मी म्हणाले, "आधी बघेन, तारीख कुठली आहे. १ जून असेल तर माणसं खरी आहेत, तारीख मास्तरांची आहे." त्या हसल्या. दुसऱ्या आठवड्यात ऑफर लेटर आलं.

मी कॉम्प्युटर इंजिनिअर. कॉलेज संपल्यावर दीड वर्ष एका बँकेच्या प्रोजेक्टवर टेस्टिंग केलं, मग इकडे आले. इकडे म्हणजे औषधं आणि आरोग्याच्या अभ्यासांचा डेटा सांभाळणाऱ्या कंपनीत. नवी मुंबईत अशा बऱ्याच कंपन्या आहेत. रोज खारघरहून ठाण्याची लोकल धरायची, कोपरखैरणेला उतरायचं, शेअर रिक्षाने महापे. तिथल्या एसीत बसून मी पाच देशांतल्या लहान मुलांची वजनं, उंच्या, डोक्याचे घेर आणि जुलाबाचे दिवस बघते. अभ्यासाचं नाव सांगता येत नाही, करारावर सही आहे. पुढे सांगणार आहे त्यातले काही तपशीलही मी मुद्दाम बदललेत.

कामाचं स्वरूप असं. तिकडे गावात कुणीतरी घरोघर जाऊन मूल मोजतं. आकडा टॅबमध्ये भरतं. रात्री सिंक झाला की तो आमच्याकडे येतो. मी लिहिलेले प्रोग्रॅम त्याच्यावर चालतात. बाळाचं वजन मागच्या महिन्यापेक्षा तीन किलोने कसं वाढलं? भेटीची तारीख जन्माच्या आधीची कशी? असं काही दिसलं की क्वेरी उठते आणि त्या गावाला परत जाते : कृपया तपासा. एकदा आलेला आकडा कुणालाही गुपचूप बदलता येत नाही. बदलला तर जुना आकडा, नवा आकडा, कुणी, कधी, का, सगळं कायमचं राहतं. त्याला ऑडिट ट्रेल म्हणतात. आमच्या धंद्यात ती गीता आहे.

पहिल्या सहा महिन्यांत मी कॅलेंडरं शिकले. इथिओपियात वर्षाला तेरा महिने असतात. बारा महिने तीस दिवसांचे आणि तेरावा पाच किंवा सहा दिवसांचा. शिवाय त्यांचं साल आपल्या इंग्रजी सालाच्या सात-आठ वर्षं मागे चालतं. नेपाळात विक्रम संवत, ते जवळपास सत्तावन्न वर्षं पुढे, आणि त्यांच्या महिन्याला कधीकधी ३२ दिवस असतात. माझ्या पहिल्या चेकने नेपाळची झाडून सगळी बाळं नापास केली होती, कारण ती २०७९ साली जन्मली होती. ऑफिसात आठवडाभर मला "टाइम मशिन" म्हणत होते.

ट्रेनिंगमध्ये एका सीनियरने एक पेपर वाचायला दिला होता. इंटरग्रोथ-२१ नावाच्या प्रकल्पाने डेटा कसा सांभाळला, एवढाच विषय. मी तो जेवणाच्या सुट्टीत, डब्यातली भाजी गार होईपर्यंत वाचला. आठ ठिकाणं होती : ब्राझीलचं पेलोटास, इटलीचं तुरीन, ओमानचं मस्कत, इंग्लंडचं ऑक्सफर्ड, अमेरिकेतलं सिएटल, बीजिंगजवळचं शुन्यी, केनियाचं नैरोबी. आणि नागपूर. परदेशी पेपरात आपलं गाव दिसलं की कसं होतं तुम्हाला माहीत आहे. माझं नागपूरशी काही नातं नाही, मी रायगडची. तरी मी शेजारच्या मुलीला हलवून दाखवलं.

प्रश्न साधा होता. निरोगी, नीट खाणारी-पिणारी, वेळच्या वेळी तपासणी होणारी आई असेल, तर पोटातलं बाळ कुठल्या वेगाने वाढतं? आणि तो वेग देशागणिक वेगळा असतो का? २००९ ते २०१४ हे काम चाललं. गर्भाच्या वाढीच्या भागासाठी १३,१०८ बायका तपासल्या, त्यातल्या ४,६०७ निकषांत बसल्या. शेवटी ४,३२१ जणींच्या मोजमापांवरून तक्ते बनले. दर पाच आठवड्यांनी सोनोग्राफी. मला सगळ्यात आवडली ती ही युक्ती : मोजणाऱ्याला पडद्यावर आकडा दिसतच नसे. तो रेघ ओढायचा, मशिन आकडा आत ठेवून द्यायचं. प्रत्येक मोजमाप तीनदा. मागचा आकडा डोळ्यांसमोर असला की हात नकळत पुढचा आकडा त्याच्या जवळ आणतो, हे त्यांना माहीत होतं. नवजात बाळालाही दोन माणसं वेगवेगळी मोजत. लांबीत ७ मिलिमीटरपेक्षा किंवा डोक्याच्या घेरात ५ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर दोघांनी पुन्हा मोजायचं.

निष्कर्ष असा की जन्मताना बाळाच्या लांबीत जो फरक दिसतो, त्यातला ३.५ टक्क्यांच्या आसपासच भाग ठिकाणामुळे येतो. म्हणजे आई धडधाकट असेल तर नागपूरचं बाळ आणि ऑक्सफर्डचं बाळ जवळपास सारखंच लांब. "आपली मुलं मुळातच लहान चणीची" हे जे आपण ऐकत आलोय, त्याला या अभ्यासाने बराच मोठा धक्का दिला.

त्या रात्री फोनवर मी आईला हे सांगितलं. ती म्हणाली, "आई धडधाकट असेल तर. हां." आणि विचारलं, जेवलीस का.

आई अंगणवाडी सेविका आहे. सुधागड तालुक्यात, आमच्या गावाला लागून असलेल्या वाडीवर. मी पहिलीत जायच्या आधीपासून. तिच्या भिंतीवरचा वाढीचा तक्ता, हिरवा, पिवळा, लाल, मी लहानपणी चित्रासारखा बघायचे. तो तक्ताही अशाच एका अभ्यासातून आला हे मला महाप्यात येऊन कळलं. जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ या काळात सहा देशांत केलेला अभ्यास, साडेआठ हजारांच्या आसपास मुलं, त्यात आपली दक्षिण दिल्ली होती. २००६ मध्ये ते तक्ते जाहीर झाले आणि नंतर आमच्या वाडीच्या भिंतीवर खिळ्याला लटकले. दिल्लीतल्या त्या मुलांच्या घरची परिस्थिती बरी होती, निवडच तशी केली होती. आमच्याकडची मुलं त्या तक्त्यावर ठिपका होऊन बसायची. बऱ्याचदा पिवळ्यात.

आता गेल्या वर्षीची गोष्ट.

नेपाळच्या साइटवर एक फील्ड वर्कर होती. नाव मला माहीत नाही, आमच्याकडे फक्त नंबर येतात. तिचा ०७. मी एक नवा चेक लिहिला होता, मोजमापाच्या शेवटच्या आकड्याचा. डिजिटल काटा १० ग्रॅमपर्यंत दाखवतो, म्हणजे ८.४३, ७.९१, ९.२८ असं. खरोखर मोजलेल्या वजनांत हा शेवटचा आकडा शून्यापासून नऊपर्यंत कुठलाही येतो, आणि भरपूर वजनं घेतली तर प्रत्येक आकडा साधारण सारख्या वेळा येतो. माणूस मनाने आकडे लिहायला लागला की मात्र त्याला शून्य आणि पाच आवडतात. घरी बसून भरलेला फॉर्म असा पकडता येतो.

०७ चा तीन आठवड्यांचा डेटा लालभडक झाला. सगळ्या वजनांचा शेवटचा आकडा शून्य. त्याच्या अलीकडचाही बहुतेक शून्य किंवा पाच. ८.५०, ९.००, ७.५०. आणि नियमाप्रमाणे दोनदा घेतलेली वजनं दोन्ही वेळा अगदी तीच.

मी ग्राफ काढला, बाकीच्या वर्करचे निळे, तिचा लाल. सोमवारच्या कॉलवर दाखवला. पलीकडून कुणीतरी म्हणालं, "गुड कॅच." मॅनेजरने कॉल संपल्यावर चहा पाजला. साइटला कळवलं गेलं, तिचं काम थांबवलं गेलं, त्या तीन आठवड्यांचा डेटा विश्लेषणातून बाजूला ठेवला. सगळं प्रोसेसप्रमाणे. मला छान वाटलं होतं, खोटं कशाला सांगू.

गणपतीला घरी गेले. गौरी जेवल्या, भांडी झाली, आई पडवीत सुपारी कातरत बसली होती. मी मोठ्या फुशारकीने ही कथा सांगितली. शेवटचा आकडा, लाल ग्राफ, सगळं. पाहुण्यांना सांगावं तसं.

आईने विचारलं, "काटा कुठला होता?"

"डिजिटल. आम्हीच दिलेला."

"बंद पडला असेल."

"बंद पडला तर कळवायचं असतं, आई. फॉर्ममध्ये शेऱ्याची जागा आहे."

"तिने लिहिलं नव्हतं?"

"नाही."

आई काही बोलली नाही. मग उठून आत गेली आणि जुना साल्टर काटा घेऊन आली. घड्याळासारखी तबकडी, वर हुक, खाली झोळी अडकवायची. तिला आता नवा मिळालाय, हा कोनाड्यात होता. तिने तो वाशाला अडकवला आणि झोळीत पाटा-वरवंट्यातला वरवंटा ठेवला. "वाच."

काटा थोडा हलला आणि थांबला. १०० ग्रॅमच्या बारीक रेघा, अर्ध्या किलोची रेघ जरा मोठी. मी वाचलं. तिने झोळीला हाताने झोका दिला, मूल लाथा मारतं तसा. "आता वाच."

वाचता येईना. काटा पुढे-मागे नाचत होता. मी मधलीच मोठी रेघ धरून आकडा सांगितला.

"बघ," आई म्हणाली, "तुझा पण अर्धाच आला."

मी म्हटलं, पण तिच्याकडे डिजिटल होता. हे मी दोनदा म्हटलं. मग आई जे बोलली ते मला अपेक्षित नव्हतं. "आणि लिहिलंच असेल मनाने, तर का लिहिलं ते विचारलंत का? तुला सात-चार आठवतं का?"

मला आठवत होतं. नेमकं. २०११ चा पावसाळा, मी नववीत होते. माझं अक्षर चांगलं म्हणून आईचं पक्कं रजिस्टर मी लिहायचे. तिची एक कच्ची वही असायची, तेलाचे डाग पडलेली, त्यावरून मी महिन्याच्या शेवटी रजिस्टरात उतरवायचे. वाडीतली एक मुलगी होती, दीड वर्षाची. कच्च्या वहीत ७.०. अठरा महिन्यांच्या मुलीची लाल रेघ ७.२ ला आहे. मी लिहायला गेले तर आई चुलीपाशून म्हणाली, "तिचं सात-चार लिही." मी विचारलं का. ती म्हणाली, "लिही गं."

त्या महिन्याच्या बैठकीत तिला सगळ्यांसमोर उभं करून विचारलं होतं, तुमच्याच अंगणवाडीत एवढी पोरं लाल कशी? आहार वाटता की विकता? हे मला तेव्हा माहीत नव्हतं. गणपतीच्या त्या रात्री पडवीत कळलं. लाल आकडा गेला तर चौकशी मुलीची होत नसे, सेविकेची होई. हे कुणी केलं, कुठल्या कार्यालयात केलं, ते इथे लिहीत नाही. ती माणसं आता निवृत्त झाली आणि आई अजून नोकरीत आहे.

"त्या मुलीचं काय झालं?" मी विचारलं.

"दिवाळीनंतर भट्टीवर गेले ते लोक. विटांच्या. पुढच्या पावसाळ्यात आले नाहीत, मुकादम बदलला असेल." ती सुपारी कातरत राहिली. "लाल लिहिलं असतं तर तिची उंची, दंडघेर मोजला असता. कदाचित बालविकास केंद्रात घेतली असती महिनाभर. चार वेळा खाणं मिळालं असतं. कदाचित."

हिरव्या पेनाने लिहिलेला तो सात-चार माझ्या अक्षरातला आहे. सातला मी तेव्हा मधे आडवी रेघ द्यायचे, इंग्रजी स्टाइल म्हणून. ऑडिट ट्रेल काही नाही. कच्ची वही उंदरांनी खाल्ली.

परत आल्यावर मला ०७ चं रेकॉर्ड उघडायचं काही कारण नव्हतं. विषय बंद झाला होता. पण आईचा एक प्रश्न टोचत होता, तिने लिहिलं नव्हतं? मी आमच्या स्वच्छ टेबलमध्ये शेऱ्याचा कॉलम बघितला. तिथे काही नव्हतं असं नाही. तिथे प्रश्नचिन्हं होती. ?????? ??????????? अशी. मला ती माहीत होती. दोन वर्षं मी ती बघत आले होते. टॅबवर मूल खेळलं असेल, कचरा असेल, असं समजून मी एका ओळीत ती गाळून टाकत होते.

मग मी मागे गेले, टॅबवरून आलेल्या मूळ फाइलपर्यंत. तिथे प्रश्नचिन्हं नव्हती. तिथे देवनागरी होतं.

ज्यांनी कोड लिहिलाय त्यांना कळलं असेल. मी दोन वर्षांपूर्वी लिहिलेल्या एक्स्पोर्टच्या स्क्रिप्टमध्ये एन्कोडिंग युनिकोड नव्हतं, आणि शेजारी मीच लिहिलं होतं की जे अक्षर ओळखता येणार नाही त्याच्या जागी प्रश्नचिन्ह टाक. का, तर स्क्रिप्ट मधेच फुटू नये म्हणून. ट्यूटोरियलमधून कॉपी केलेली ओळ. मी. जिच्या मोबाइलचा कीबोर्ड मराठी आहे ती मी.

०७ ने तीन आठवडे, प्रत्येक फॉर्मवर, एकच शेरा लिहिला होता : तराजु बिग्रियो, स्वास्थ्य चौकीको तराजु। मला नेपाळी येत नाही. पण हे वाचायला यावं लागत नाही. काटा बिघडला, आरोग्य केंद्राचा काटा वापरला. तो तबकडीचा असणार. वरवंट्याने आईच्या पडवीत जो आकडा दिला, तसलेच सगळे आकडे.

मी लगेच मॅनेजरला सांगितलं नाही. आधी खाली जाऊन टपरीवर उभी राहिले. अर्धा तास. हेही लिहिलं पाहिजे. मग वर येऊन मेल लिहिला, आधी फिरवून फिरवून, मग ते सगळं खोडून तीन वाक्यांत. मॅनेजर चिडला नाही, फक्त म्हणाला, "किती साइट्सचे शेरे गेलेत?" सगळ्यांचे. ज्या ज्या देशातलं माणूस आपल्या लिपीत लिहीत होतं, त्या सगळ्यांचे. जे इंग्रजीत लिहीत होते त्यांचे तेवढे नीट पोचले होते.

साइटने काट्याची नोंदवही तपासली. बरोबर त्याच तारखांना काटा दुरुस्तीला होता. डेटा परत घेतला गेला, वेगळ्या काट्याची खूण लावून. ०७ बद्दल मी स्वतंत्र ओळ लिहून विचारलं होतं. उत्तर आलं की ती आता त्यांच्याकडे नाही, तिने दुसरीकडे काम धरलंय. त्यांनी तिला कळवलं का, असं मी पुन्हा विचारलं. त्या मेलला उत्तर आलं नाही. पुढच्या आठवड्यात मी परत विचारलं, तेव्हा मॅनेजर म्हणाला की हे आपल्या कक्षेत येत नाही. येत नाही हे खरंच आहे. करारात तसंच आहे. माझ्याकडे फक्त एक नंबर आहे, आणि तो त्यांनी आता दुसऱ्या कुणाला दिलाय.

दुरुस्ती एका शब्दाची होती. रिलीज नोटमध्ये मी लिहिलं, शेऱ्याच्या कॉलममधला एन्कोडिंगचा दोष काढला. शेवटच्या आकड्याचा चेक अजून चालू आहे, तो चांगला चेक आहे. आता तो लाल झाला की आधी शेरा उघडतो आणि काट्याचा नंबर विचारतो.

आईलाही आता मोबाइलवर भरावं लागतं, २०२१ पासून पोषण ट्रॅकर. त्या वर्षी राज्यभर सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले होते, बंद पडतात म्हणून आणि ॲप इंग्रजीत म्हणून. आईही एसटीने मोर्चाला गेली होती. मी तेव्हा हॉस्टेलवरून तिला फोनवर समजावलं होतं की इंग्रजी काय, चार शब्द तर आहेत, पाठ कर.

स्क्रिप्ट दुरुस्त झाल्यावर दोन वर्षांचे जुने शेरे पुन्हा काढले. इथिओपियाचे मला वाचता येत नाहीत, ते तिकडच्या टीमने घेतले. नेपाळचे मी घेतले. कामाचा भाग म्हणून दोन दिवस, आणि मग घरी जायच्या आधी रोज थोडे, नुसतेच. त्यात नाव-गाव काही नसतं. घर बन्द. आमा खेतमा. खोलामा पानी बढ्यो. ट्रेनमध्ये आईचा फोन आला तेव्हा त्यातला एक डोक्यात होता, मी तिला म्हणून दाखवला, बच्चा धेरै रोयो.

"रडणारच," आई म्हणाली. "झोळीत घातलं की रडतातच. आधी आईच्या मांडीवर बसवून झोळी हातात द्यायची खेळायला. त्यांना सांग."